‘तो काळच तसा होता’ : ‘आउटलँडर’ या कादंबरीतील काळप्रवास, प्रेम आणि इतिहासाचा आधार

प्रस्तावना

काळप्रवासाच्या कल्पनेला आधुनिक साहित्यात प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीमुळे. पुढील शंभर वर्षांत ही कल्पना विज्ञानसाहित्याच्या मर्यादा ओलांडून ऐतिहासिक कादंबरीत आणि प्रेमकथेत शिरली. या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर उभी असलेली सर्वांत लोकप्रिय कलाकृती म्हणून डायना गॅबाल्डन या अमेरिकन लेखिकेच्या ‘आउटलँडर’ (१९९१) या कादंबरीचा उल्लेख करावा लागतो. या कादंबरीपासून एक दीर्घ कादंबरीमाला निर्माण झाली आणि २०१४ पासून तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिकेने तिला जगभर पोहोचविले.

लोकप्रिय साहित्याची समीक्षा करताना दोन टोके आढळतात. एक तर अशा साहित्याला ‘रंजनपर’ ठरवून दुर्लक्षिले जाते, किंवा वाचकसंख्येच्या आधारे त्याचा गौरव केला जातो. या दोन्ही भूमिकांमध्ये कलाकृतीने स्वतःपुढे ठेवलेल्या प्रश्नाची तपासणी राहून जाते. ‘आउटलँडर’पुढील प्रश्न असा आहे : वेगवेगळ्या काळांत वाढलेल्या, परस्परविरोधी पक्षांत जन्मलेल्या दोन व्यक्तींचे प्रेम दाखविताना त्या काळातील हिंसेचे काय करावयाचे? ‘तो काळच तसा होता’ हे तिचे स्पष्टीकरण पुरेसे आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने कादंबरीचा विचार केला आहे.

कथानकाची पार्श्वभूमी

क्लेअर रँडल ही दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर परिचारिका म्हणून काम केलेली इंग्रज स्त्री. युद्ध संपल्यानंतर ती पती फ्रँक याच्यासह स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे येते. फ्रँक इतिहासाचा अभ्यासक असून आपला पूर्वज कॅप्टन जोनाथन रँडल याच्याविषयीची कागदपत्रे तो शोधत असतो. क्रेग ना डून या काल्पनिक शिळावर्तुळातील एका शिळेला स्पर्श होताच क्लेअर १७४३ मध्ये जाऊन पडते. तेथे तिची पहिली गाठ पडते ती याच जोनाथन रँडलशी. तो चेहऱ्याने फ्रँकसारखा, परंतु वृत्तीने क्रूर आहे. त्याच्या तावडीतून तिला हायलंडमधील मॅकेंझी कुळाची माणसे सोडवितात आणि त्यांच्यातच तिला जेमी फ्रेझर हा जखमी तरुण भेटतो.

हा काळ स्कॉटलंडच्या इतिहासातील अत्यंत नाजूक काळ होय. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला ब्रिटनच्या गादीवर पुन्हा बसवू पाहणारे जॅकोबाइट १७४५ मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याच्या नेतृत्वाखाली उठाव करतात. प्रेस्टनपॅन्स येथील विजयानंतर हे सैन्य इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत धडक मारते, माघार घेते आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत त्याचा निर्णायक पराभव होतो. त्यानंतर कायद्याने हायलंडच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकारही काढून घेण्यात आले. क्लेअरला हे सारे ठाऊक आहे. जेमीला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. या विषमतेवरच कादंबरीची रचना उभी आहे.

प्रतिस्पर्धी नायक-नायिका

शत्रुपक्षातील स्त्री-पुरुषांचे प्रेम हा ऐतिहासिक कादंबरीचा जुना विषय आहे. वॉल्टर स्कॉट यांची ‘वेव्हर्ली’ (१८१४) याच १७४५ च्या उठावावर आधारलेली आहे. एडवर्ड वेव्हर्ली हा इंग्रज तरुण अधिकारी हायलंडच्या आकर्षणाने उठावात ओढला जातो. तेजस्वी जॅकोबाइट तरुणी फ्लोरा त्याचा स्वीकार करीत नाही आणि अखेरीस तो सौम्य प्रकृतीच्या रोझशी विवाह करून स्थिर व्यवस्थेत परततो. फ्लोराच्या भावाच्या वाट्याला मात्र देहदंड येतो. जॉर्ज लुकाच यांनी स्कॉटच्या अशा मध्यममार्गी नायकांतच ऐतिहासिक कादंबरीचे सामर्थ्य पाहिले, कारण दोन परस्परविरोधी जगांना जोडणारा दुवा असा नायक ठरतो.

क्लेअरही असा दुवाच आहे. परंतु गॅबाल्डन यांनी स्कॉटची दिशा उलटविली आहे. वेव्हर्ली विजयी पक्षाकडे परततो, तर क्लेअर पराभूत होणाऱ्या पक्षात राहते, तेही पराभव ठाऊक असताना. तिचे आणि जेमीचे नाते सुरुवातीस संशयाचे आहे. मॅकेंझींच्या दृष्टीने ती इंग्रजांची हेर असण्याची शक्यता आहे. त्यांचा विवाह प्रेमातून होत नाही. स्कॉटिश पुरुषाची पत्नी झाल्यास रँडल तिला चौकशीसाठी ताब्यात घेऊ शकणार नाही, या कायदेशीर हिशेबातून तो घडवून आणला जातो. जेमी तिला ‘सॅसनाख’ म्हणतो. इंग्रजांविषयी तुच्छतेने वापरला जाणारा हा गेलिक वळणाचा शब्द हळूहळू लाडाचे संबोधन बनतो. शत्रुत्व नाहीसे होत नाही, त्याचा अर्थ बदलतो, ही बाब एका शब्दाच्या प्रवासातून दाखविण्यात लेखिकेचे कौशल्य दिसते.

या जोडीतील विषमता प्रेमकथेच्या रूढ संकेतांनाही छेद देते. नायिका नायकापेक्षा वयाने मोठी, विवाहित आणि अनुभवी आहे. नायक अननुभवी आहे. जखमांवर उपचार करणारी ती आहे आणि वारंवार घायाळ होणारा तो आहे. प्रेमकथेत सामान्यतः स्त्रीदेहाच्या वाट्याला येणारी असुरक्षितता येथे मोठ्या प्रमाणात पुरुषदेहाच्या वाट्याला आली आहे. जेमीच्या पाठीवरील रँडलच्या फटक्यांचे वण आणि शेवटच्या भागातील तुरुंगातील अत्याचार ही त्याची ठळक उदाहरणे होत.

ज्ञानाची विषमता

मार्क ट्वेन यांच्या ‘अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ (१८८९) मधील हँक मॉर्गन सहाव्या शतकात जाऊन आपल्या तांत्रिक ज्ञानाच्या बळावर सत्ता मिळवितो. भूतकाळ हा त्याच्या दृष्टीने सुधारणेचा कच्चा माल आहे आणि त्या सुधारणेचा शेवट भीषण संहारात होतो. क्लेअरकडे असे सामर्थ्य नाही. तिच्याकडे जखम स्वच्छ ठेवण्याचे, निखळलेला सांधा बसविण्याचे व वनस्पतींचे ज्ञान आहे. त्यापलीकडे फ्रँकच्या बोलण्यातून कानावर पडलेले इतिहासाचे तुकडे आहेत. एका खिंडीत इंग्रज दबा धरून बसत, हे आठवून ती मॅकेंझींना सावध करते. परिणामी त्यांचे प्राण वाचतात. मात्र तिच्याविषयीचा संशय अधिकच वाढतो. भविष्याचे ज्ञान तिला अधिकार देत नाही, ते तिला आरोपी बनविते.

म्हणूनच क्लेअरचे मौन हे या प्रेमकथेतील खरे अंतर ठरते. शत्रुपक्ष, भाषा, धर्म, वय यांतील भेद सहवासाने कमी होतात. परंतु एकाला शेवट माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, हा भेद सांगितल्याशिवाय मिटू शकत नाही. चेटकीण म्हणून झालेल्या चौकशीतून सुटका झाल्यानंतर ती जेमीला सत्य सांगते. तो विश्वास ठेवतो आणि तिला शिळांपाशी नेऊन परतण्याचे स्वातंत्र्य देतो. ती थांबण्याचा निर्णय घेते. प्रारंभीचा विवाह परिस्थितीने लादलेला होता. हा दुसरा स्वीकार पूर्ण माहितीनिशी झालेला आहे. कादंबरीचा नैतिक गाभा या प्रसंगात आहे.

मालेतील दुसऱ्या कादंबरीत (‘ड्रॅगनफ्लाय इन अँबर’, १९९२) दोघे पॅरिसमध्ये राहून उठाव होऊच नये म्हणून प्रयत्न करतात आणि अपयशी ठरतात. कलोडनच्या लढाईपूर्वी जेमी गर्भवती क्लेअरला तिच्या काळात परत पाठवितो. इतिहास बदलत नाही, ही या मालेची मूलभूत अट आहे. त्यामुळे प्रेमकथेला शोकात्म गांभीर्य लाभते, हे मान्य केले पाहिजे.

‘तो काळच तसा होता’ या युक्तिवादाची मर्यादा

कादंबरीतील सर्वाधिक वादग्रस्त प्रसंग म्हणजे जेमीने क्लेअरला कंबरपट्ट्याने मारण्याचा. सांगितलेल्या जागी न थांबता ती शिळांकडे निघते आणि इंग्रजांच्या हाती सापडते. तिची सुटका करताना सर्वांचे जीव धोक्यात येतात, म्हणून तिला शिक्षा देणे हे आपले कर्तव्य आहे, असे जेमी मानतो. सोबतच्या पुरुषांनाही तेच अपेक्षित असते. पुढे क्लेअर त्याला खडसावते आणि तो पुन्हा हात न उगारण्याची शपथ घेतो.

या प्रसंगाचे समर्थन अठराव्या शतकाच्या आधारे केले जाते. नायक त्या काळाचा आहे, त्याला विसाव्या शतकाची मूल्ये चिकटविणे अनैतिहासिक ठरेल, असा हा युक्तिवाद असतो. तो पूर्णतः चुकीचा नाही. भूतकाळातील पात्रांना आजचे विचार उसने देणारी ऐतिहासिक कादंबरी कृत्रिम होते. परंतु येथे दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली बाब निवेदनाची आहे. संपूर्ण कादंबरी क्लेअरच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते. विसाव्या शतकाची दृष्टी कथनातच उपस्थित असल्यामुळे या प्रसंगाला सर्वांत कठोर प्रश्न विचारण्याची सोय लेखिकेपाशी होती. प्रत्यक्षात क्लेअरचा संताप लवकरच विनोदाच्या आणि समजुतीच्या सुरात मिसळतो. जेमी आपल्या बालपणीच्या शिक्षांच्या कथा सांगतो, वातावरण निवळते. मार खाणारी व्यक्तीच निवेदक असल्यामुळे तिची क्षमा ही वाचकाचीही क्षमा बनते. दूरचित्रवाणी मालिकेतील संबंधित भागात (२०१५) निवेदन जेमीकडे सोपविण्यात आले आहे. हा बदल कोणत्याही हेतूने झालेला असो, हा प्रसंग कोणाच्या तोंडून सांगावा हा प्रश्न मूळ कादंबरीतच दडलेला होता, हे त्यावरून ध्यानात येते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. ‘तो काळ’ म्हणून जे दाखविले जाते, ते कितपत त्या काळाचे आहे? कादंबरीत १७४३ च्या सुमारास क्लेअर आणि गेलिस डंकन यांची चेटकीण म्हणून परीक्षकांसमोर चौकशी होते व देहदंडाची छाया त्यांच्यावर पडते. वस्तुतः स्कॉटलंडचा १५६३ चा चेटूकविरोधी कायदा ब्रिटिश संसदेने १७३५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने रद्द झाला होता आणि हा नवा कायदा १७३६ मध्ये अमलात आला. त्यानंतर चेटूक करणे हा गुन्हाच उरला नाही. चेटकाचे सामर्थ्य असल्याची बतावणी करणे तेवढे शिक्षापात्र ठरले. स्कॉटलंडमध्ये या आरोपाखाली शेवटचा ज्ञात देहदंड १७२७ मध्ये डॉर्नॉक येथे झाला होता. लोकसमजूत कायद्याबरोबर संपत नाही आणि जमावाची हिंसा त्यानंतरही शक्य होती, हे खरे. परंतु देहदंडाकडे नेणाऱ्या रीतसर चौकशीला त्या वर्षी कायद्याचा आधार नव्हता.

कथानकाच्या गरजेसाठी इतिहासात असा फेरफार करण्याचे स्वातंत्र्य कादंबरीकाराला असते. येथे हरकत फेरफाराला नाही. प्रश्न असा की, एका प्रसंगी काळाच्या कठोरपणात भर घालण्याचे स्वातंत्र्य घेतल्यावर दुसऱ्या प्रसंगी ‘काळापुढे इलाज नाही’ असे म्हणता येईल काय? पत्नीला ‘शिस्त’ लावण्याचा पतीचा अधिकारही त्या शतकात निर्विवाद नव्हता. विल्यम ब्लॅकस्टन यांच्या इंग्लंडच्या कायद्यावरील भाष्याच्या पहिल्याच खंडात (१७६५) हा अधिकार दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीपासून शंकास्पद ठरू लागल्याची नोंद आहे. ती इंग्लंडपुरती असली आणि सामान्य लोकांत जुनी रूढी टिकून असल्याचेही तेथे नमूद असले, तरी त्या काळातही या प्रश्नावर एकापेक्षा अधिक मते होती, एवढे तिच्यावरून निश्चित होते. सारांश, काळ एकसंध आज्ञा देत नसतो. त्यातील कोणता आवाज पात्राच्या तोंडी द्यावयाचा, ही लेखकाची निवड असते आणि निवडीची जबाबदारीही लेखकाचीच असते.

या संदर्भात ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीशी तुलना उद्बोधक ठरते. १९७६ मधील कृष्णवर्णीय लेखिका डेना वारंवार गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये खेचली जाते. तेथील गुलामांचा मालक रूफस हा तिचा पूर्वज आहे. स्वतःचा जन्म सुरक्षित राहावा म्हणून तिला त्याचे प्राण वाचवावे लागतात. ‘आउटलँडर’ मालेतही असाच पेच आहे : जोनाथन रँडल निपुत्रिक मेला तर फ्रँक जन्मेल काय, या भीतीने क्लेअर त्याचा मृत्यू लांबविण्याची गळ जेमीला घालते. परंतु बटलर यांच्या कादंबरीत काळाशी केलेल्या प्रत्येक तडजोडीची किंमत डेनाच्या देहावर नोंदली जाते आणि अखेरीस ती एक हात गमावते. तेथे ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य समजुतीचे राहत नाही, आरोपाचे बनते. गॅबाल्डन यांच्या कादंबरीत तेच वाक्य सलोख्याचे साधन झाले आहे.

शत्रूचा चेहरा

असे असले तरी कादंबरी भूतकाळाला सरसकट रानटी ठरवीत नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. सर्वाधिक क्रौर्य कुळांच्या जगात नसून गणवेशधारी इंग्रज अधिकाऱ्याच्या ठायी आहे आणि त्याचा चेहरा विसाव्या शतकातील सुसंस्कृत पतीचा आहे. सुसंस्कृत वर्तमान आणि क्रूर भूतकाळ ही सोपी विभागणी त्यामुळे टिकत नाही. मात्र येथेही एक मर्यादा जाणवते. रँडलचे क्रौर्य वैयक्तिक विकृती म्हणून रंगविल्यामुळे राज्यसत्तेची थंड, नियमबद्ध हिंसा बाजूला पडते. तसेच संघर्षाला इंग्रज विरुद्ध स्कॉट असे स्वरूप येते. प्रत्यक्षात कलोडन येथे ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सरकारी सैन्यात स्कॉटिश पलटणी होत्या आणि उठावाला सर्व स्कॉटलंडचा पाठिंबा नव्हता. प्रतिस्पर्धी प्रेमिकांची कथा रेखीव व्हावी म्हणून इतिहासातील अंतर्गत दुही पुसट झाली आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

ज्ञात पराभवाकडे कल्पनेच्या वाटेने परत जाण्याची ओढ मराठी वाचकाला अपरिचित नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे अभ्यासक असलेले गंगाधरपंत पानिपतच्या लढाईचा निकाल वेगळा लागलेल्या जगात जाऊन पोहोचतात. तेथील प्रश्न बौद्धिक आहे : काय झाले असते? ‘आउटलँडर’मधील प्रश्न भावनिक आहे : जे होणारच आहे, ते जाणून त्या माणसांवर प्रेम कसे करावे?

‘तो काळच तसा होता’ हा युक्तिवाद मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचनातही वारंवार येतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) मध्ये माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्या प्रेमकथेची परिणती रमाबाईंच्या सहगमनात होते. वाचक त्या प्रसंगाला प्रेमाची परिसीमा मानतो आणि प्रश्न आलाच तर काळाकडे बोट दाखवितो. परंतु त्याच घराण्यात माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पतिनिधनानंतर अनेक वर्षे हयात होत्या. त्या काळातही एकच वाट नव्हती. ‘स्वामी’मध्ये हे विचारणारा परकाळातील साक्षीदार नाही, ‘आउटलँडर’मध्ये तो आहे. म्हणूनच तेथील मौन अधिक खटकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ‘आउटलँडर’मध्ये काळप्रवास हे केवळ अद्भुताचे साधन नाही. नायक-नायिकेतील ज्ञानाची विषमता निर्माण करून त्यांचे प्रेम माहितीपूर्ण निवडीपर्यंत नेण्याचे कार्य तो करतो.

२) इतिहास न बदलण्याच्या अटीमुळे प्रेमकथेला शोकात्म गांभीर्य लाभले असून स्कॉटच्या परंपरेला तिने अर्थपूर्ण वळण दिले आहे.

३) काळाच्या आधारे केलेले हिंसेचे समर्थन कादंबरीच्या स्वतःच्याच ऐतिहासिक स्वातंत्र्यामुळे दुबळे ठरते.

४) प्रतिस्पर्धी प्रेमिकांच्या रेखीव मांडणीत स्कॉटलंडमधील अंतर्गत दुही आणि राज्यसत्तेची नियमबद्ध हिंसा यांना पुरेसा अवकाश मिळालेला नाही.

ऐतिहासिक कलाकृतीचे अध्यापन करताना ‘तो काळच तसा होता’ या वाक्यापाशी चर्चा बहुधा थांबते. वास्तविक चर्चेचा आरंभ तेथून व्हावयास हवा. त्या काळात आणखी कोणते कायदे, कोणती मते, कोणती माणसे होती आणि लेखकाने त्यांतून कोणाची निवड केली, हे प्रश्न वर्गात विचारले गेले, तर रंजनपर म्हणून बाजूला सारलेली कादंबरीही इतिहासविचाराचे साधन ठरू शकते. ‘आउटलँडर’चे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा हे दोन्ही या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.